गावानं विहिरीत ढकललेली मशीन

मी एक जुनी शिलाई मशीन आहे, मित्रांनो. पायानं चालवायची, काळ्या रंगाची. माझ्या अंगावर सोनेरी वेलबुट्टी होती, ती आता निम्मीच उरली आहे. बाकी अंगावर गंजाचे डाग आहेत. चाक फिरू लागलं की आतून करकर असा आवाज येतो. कारागिरानं मला उघडून पाहिलं, तेल दिलं, तरी तो आवाज जात नाही. माझ्या मालकिणीला त्या आवाजाची सवय झाली आहे. मला अजून झालेली नाही. स्वस्थ बसावं म्हटलं तरी मला बसवत नाही, म्हणून तुम्हाला सगळं सांगायला घेतलं आहे.

माझा जन्म पंजाबातल्या एका कारखान्यात झाला. वितळलेलं लोखंड साच्यात ओतून माझं अंग घडवलं. मग घासलं, रंगवलं आणि खांद्यावर ती सोनेरी वेल उमटवली. गवतात गुंडाळून, ट्रकमध्ये घालून मला नांदेडला आणलं. तिथल्या बाजारातल्या एका दुकानात मी काचेमागे बरेच दिवस उभी होते. लोक यायचे, किंमत विचारायचे आणि जायचे.

एका दुपारी एक बाई आपल्या नवऱ्याबरोबर आत आल्या. त्यांनी किंमत विचारली नाही. आधी माझं चाक बोटानं फिरवलं आणि कान जवळ आणून ऐकत राहिल्या.

"अवो, हिचा आवाज लई गोड हाय," त्या म्हणाल्या.

"मशीन घ्यायची हाय का गानं ऐकायचं हाय?" नवरा हसत म्हणाला.

त्या बाई म्हणजे चांगुणाबाई आणि ते त्यांचे यजमान, रामकिशनभाऊ. रामकिशनभाऊ धर्माबादच्या मिरची बाजारात पोती वाहायचे. त्यांच्या सदऱ्याला मिरचीचा असा ठसका असायचा की दुकानदार मला जीपच्या टपावर बांधताना शिंकतच होता.

उमरीहून धर्माबादकडे जाताना आत वळलं की चांगुणाबाईंचं गाव लागतं. गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. तिथं आजही माणसं एकमेकांच्या शेजारी राहतात आणि त्यांना पुढेही राहायचं आहे. गावाच्या एका कडेला बौद्धवाडा आहे. तिथं चांगुणाबाईंचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी मला ठेवलं. वर भिंतीला बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. पहिल्या दिवशी चांगुणाबाईंनी माझ्या फळीवर एक फूल ठेवलं आणि लगेच कामाला बसल्या.

ती माझी चांगली वर्षं होती, मित्रांनो. शाळेचे गणवेश, उशांचे अभ्रे, परकर, लग्नातली ब्लाउजं. सणावाराच्या आधी तर माझ्या पायडलाला विसावा नसायचा. आधी वाड्यातल्याच बाया यायच्या. मग हळूहळू वरच्या आळीतून येऊ लागल्या. चांगुणाबाईंची नजर अशी होती की पट्टी हातात घेण्याआधीच त्या सांगायच्या, "तुमचा दंड मागल्या साली होता तेवढाच हाय, पर कंबर भरली." बाया तोंडाला पदर लावून हसायच्या आणि गावभर सांगायच्या, "तिनं नुसतं बघितलं तरी माप कळतं."

कपडे बेतून उरलेले तुकडे त्या टाकून देत नसत. माझ्या पायाशी कापडी थैली असायची, त्यात सगळ्या गावाचे तुकडे जमा व्हायचे. थैली भरली की चांगुणाबाई त्यांची वाकळ, म्हणजे गोधडी, शिवत. गावात कुणाकडे बाळ जन्मलं की बारशाच्या दिवशी एक लहानशी वाकळ त्या घरी जायची. कोणत्या आळीतलं घर आहे, ते त्या बघत नसत. त्या वाकळेत बाळाच्या आजीच्या लुगड्याचा तुकडा असायचा, आत्याच्या ब्लाउजचा असायचा. बाया तो ओळखून काढायच्या आणि आनंदानं ओरडायच्या.

वरच्या आळीत दगडोबांचं मोठं घर होतं. बागायती जमीन, दारात ट्रॅक्टर, गावात शब्दाला वजन. त्यांची बायको कुशावर्ताबाई कमी बोलणारी. मुलगी प्रणिता मात्र बोलकी. ती उमरीच्या कॉलेजात बारावीला होती. सुट्टीत ती चांगुणाबाईंकडे शिवण शिकायला येऊ लागली. सुईत दोरा ओवता ओवता तिचं बोलणं चालायचं.

"मावशी, मला नांदेडला नर्सिंगला जायचं हाय. पांढरा ड्रेस तुमीच शिवायचा बरं का."

"शिवीन की. पर आधी ही टीप सरळ घाल," चांगुणाबाई म्हणायच्या.

बारावीचा निकाल चांगला लागला. त्याच आठवड्यात दगडोबांनी तिचं लग्न ठरवलं. मुलगा पुण्यात कंपनीत होता. प्रणिता आईजवळ रडली. आईनं सांगितलं, "तुझ्या बापाच्या म्होरं माझं काय चालतं का?" त्यानंतर ती शिवायला आली, की टीप वाकडी जायची आणि ती तशीच पुढे रेटायची. चांगुणाबाई उसवून द्यायच्या, पण रागवायच्या नाहीत.

मग ते सुरू झालं.

दगडोबांच्या पेटीतली एक साडी कापलेली निघाली. मधोमध फुलीसारखा छेद. उंदरानं कुरतडलं म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. पुढच्या आठवड्यात दोरीवर वाळत घातलेलं धोतर कापलेलं निघालं, तशाच फुलीनं. मग दोन ब्लाउजं. मग साखरपुड्यासाठी आणलेली भरजरी साडी. त्या दिवशी दगडोबांच्या म्हाताऱ्या आईनं ओट्यावर बसून मोठ्यानं तो शब्द उच्चारला: "भानामती हाय ही. कुणीतरी केली हाय आपल्या घरावर."

मित्रांनो, आमच्या मराठवाड्यात हा शब्द फार जुना आहे. घरात कपडे फाटले, अंगावर फुल्या उमटल्या, बाई विचित्र आवाज काढू लागली, की लोक म्हणतात भानामती. आणि भानामती म्हटलं की करणारी कुणीतरी हवीच. ती कुणी जंगलातून येत नाही. ती गावातलीच असते, शेजारची असते, आणि बहुतेक वेळा अशी असते, की जिच्या बाजूनं बोलायला गावात फारसं कुणी नाही.

मला आधी काहीच कळलं नाही. मला एवढंच दिसलं की कामं थांबली. एक बाई आली आणि म्हणाली, "चांगुणा, ते पीस दे. न्हाई शिवायचं आता."

"अवो पर बेतून झालं हाय. बाह्या तेवढ्या राहिल्यात."

"राहू दे. तसंच दे."

दुसरी आली, मापाचं ब्लाउज परत मागितलं. तिसरीनं लेकराला पाठवलं. कुणी कारण सांगेना. एक म्हातारी तर उंबऱ्याबाहेरच उभी राहिली आणि कापड काठीनं ओढून घेतलं. चांगुणाबाई माझ्यासमोर रिकाम्याच बसायच्या, उगाच चाक फिरवायच्या, उठून दारात जायच्या, परत येऊन बसायच्या. माझ्या सुईत दोरा नव्हता आणि तरी मी चालत होते. तशी बिनदोऱ्याची चाल मशिनीला फार वाईट असते. आतून सगळं ढिलं झाल्यासारखं वाटतं.

शेवटी वाड्यातल्याच एका शेजारणीनं सांगितलं, "चांगुणे, तुझं नाव घेऊन राहिलेत वरच्या आळीत. म्हनतात, जिच्या हातात कात्री तिनंच हे केलं. म्हनतात, तिची नजरच तसली हाय, नुसतं बघितलं की माप घेती."

ज्या नजरेचं कौतुक होतं, तिचंच आता भय झालं होतं. नजर तीच होती, मित्रांनो. माणसंही तीच होती.

त्याच दिवशी दुपारी प्रणिता आली. ऊन भाजत होतं, गल्लीत कुणी नव्हतं. ती आत आली, दार लोटलं आणि माझ्याजवळच्या स्टुलावर बसली.

"मावशी, ती साडी म्या कापली."

चांगुणाबाईंनी माझ्या चाकावरचा हात काढला.

"आधी पेटीतली कापली. वाटलं, अपशकुन म्हनून तरी लगीन मोडतील. मग कापतच गेले. मला झोप येत न्हाई. हात आपोआप कात्रीकडं जातो. मला काय ठाऊक, तुमचं नाव घेतील म्हनून?"

चांगुणाबाईंनी तिचे दोन्ही हात आपल्या हातात धरले. "आता कापू नको. ऐकतीस? एक बी कापड कापू नको. तुझ्या आईला भेटते म्या. तुझं नाव न्हाई घेनार. लगीन थांबवा, पोरीला शिकू द्या, एवढंच सांगते."

"म्या सांगू का समद्यांला?"

"नको. शेजारच्या गावात त्या पोरीला काय केलं, ऐकलं न्हाईस का? अंगात आलं म्हनून मिरचीची धुरी दिली. तुझं नाव निघालं तर तुला बी तसंच करतील. गप ऱ्हा."

संध्याकाळी चांगुणाबाई दगडोबांच्या घरी गेल्या. त्या काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. पण त्या परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. कुशावर्ताबाईंनी फक्त "बरं" म्हटलं होतं आणि आत निघून गेल्या होत्या. आणि दुसऱ्या दिवशी गावात सगळीकडे एकच बोलणं होतं: ती त्यांच्या घरात कशाला गेली होती? काय ठेवून आली?

दगडोबा वाईट माणूस होते असं मी म्हणणार नाही. ते घाबरलेले होते. घाबरलेला माणूस ज्याच्याकडे जाऊ नये त्याच्याकडे जातो. ते सीमेपलीकडून शिवप्रसाद नावाच्या एका देवऋषीला घेऊन आले. अंगावर काळी शाल, बोटांत अंगठ्या, बोलणं अर्धं मराठी, अर्धं तेलुगू. त्यानं दगडोबांच्या घरात तांदूळ टाकले, डोळे मिटले आणि सांगितलं, "सुईवाली. बाई हाय. तिच्या घरात गावाच्या अंगाचं कापड हाय."

गावाला आणखी काय हवं होतं?

शाळा भरल्यानंतरची दुपार होती. रामकिशनभाऊ धर्माबादला कामावर गेले होते. पंधरा-वीस माणसं आमच्या दारात आली. चांगुणाबाईंचा हात धरून त्यांना बाहेर ओढलं. "मशीन बी घ्या," कुणीतरी म्हणालं. चौघांनी मला फळीसकट उचललं. मला जीपच्या टपावरून या गावात आणलं होतं तेव्हा लोक कौतुकानं बघत होते. आताही बघत होते, पण दारं अर्धी लावून.

मारुतीच्या देवळासमोर पार आहे आणि पाराच्या बाजूला जुनी विहीर. शाळा तिथून जवळच. मला पाराजवळ ठेवलं. शिवप्रसादनं चांगुणाबाईंची थैली सगळ्यांसमोर उलटी केली. रंगीबेरंगी तुकडे मातीत पडले.

"बगा," तो ओरडला. "समद्या गावाच्या अंगाचं कापड. हे कशाला लागतं हिला?"

"वाकळंसाठी," चांगुणाबाई म्हणाल्या. "तुमच्याच लेकरांच्या वाकळा शिवल्यात म्या. इचारा की घरी."

गर्दीत अशा किती तरी बाया होत्या, ज्यांची लेकरं त्या वाकळांवर निजली होती. त्या एकमेकींकडे बघत होत्या. एकीनं तोंड उघडलं, तिच्या नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं, तिनं मिटलं. अगदी पुढे ग्यानोबा उभा होता, दगडोबांकडे सालानं काम करणारा. त्याच्या मुलीच्या बारशाची वाकळ माझ्याच सुईखाली शिवली गेली होती. तोही गप्प होता.

"कबूल कर," दगडोबा म्हणाले. त्यांचा आवाज चिरकत होता. "माझ्या पोरीचं लगीन हाय. भानामती काढून घे, आमी तुला सोडून देतो."

"म्या केलंच न्हाई तर काढू काय?"

गर्दीत मागे प्रणिता उभी होती. चांगुणाबाईंनी तिला पाहिलं. मी दोघींनाही पाहत होते. त्यांनी एक नाव घेतलं असतं तर सुटल्या असत्या. माझ्या सगळ्या लोखंडाला वाटत होतं, घ्या, नाव घ्या. त्यांनी नजर खाली केली आणि पुन्हा म्हणाल्या, "म्या न्हाई केलं."

शिवप्रसाद म्हणाला, "हिचा मंत्र दातावर चालतो. म्होरचे दात गेले की जोर संपला."

त्यानंतरचं मला नीट सांगवत नाही. दोघांनी हात धरले, एकानं डोकं. शिवप्रसादनं दगड उचलला. एक दात तुटला, दुसरा हलला. चांगुणाबाईंचं रक्त त्यांच्या पदरावर पडलं, माझ्या फळीवर पडलं.

तेव्हा प्रणिता ओरडली.

"सोडा मावशीला! कपडे म्या कापले! साडी बी म्याच कापली! मला लगीन करायचं न्हाई, शिकायचं हाय!"

सगळे थांबले. मला वाटलं, संपलं. आता सोडतील. खरं बोललं गेलं, आता काय उरलं?

शिवप्रसाद हळूच हसला. "ऐकलं? ही पोरगी न्हाई बोलून राहिली. ही बाईच तिच्या तोंडून बोलून राहिली. आता हिला बी झाड लागलं, झपाटली ही. मिरच्या आना, धुरी द्यावी लागंल."

आणि मित्रांनो, गर्दीनं सुटकेचा श्वास सोडला. तो आवाज मी विसरू शकत नाही. खरं समोर उभं होतं, पण ते मानायचं तर आपण काय केलं, ते बघावं लागलं असतं. त्याचं म्हणणं मानलं की काही बघावं लागत नव्हतं. दोघं-तिघं मिरच्या आणायला वळलेसुद्धा.

तेवढ्यात कुशावर्ताबाई बायांमधून पुढे आल्या. मी त्यांना कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं.

"माझ्या लेकीचा आवाज मला वळखू येत न्हाई का? तीच बोलली. तिच्या अंगात कुनी न्हाई."

"कुशावर्ते, घरात चल," दगडोबा म्हणाले.

"न्हाई येत. कात्री मला तिच्या गादीखाली घावली होती. दोन आठवडे झाले. घराची इज्जत जाईल म्हनून म्या गप बसले. हिनं बी नाव घेतलं न्हाई. माझ्या लेकीसाठी हिनं दात पाडून घेतला आन म्या बघत उभी हाय." त्या खाली मातीत बसल्या, चांगुणाबाईंच्या तोंडाला आपला पदर लावला आणि म्हणाल्या, "आता माझे बी पाडा."

कुणी हललं नाही. शाळेच्या फाटकापाशी सौदामिनी बाई उभ्या होत्या. त्या नांदेडहून रोज येणाऱ्या शिक्षिका. आधी त्या फाटकातच थांबल्या होत्या. त्यांनाही भीती वाटत होती, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. कुणीतरी त्यांना म्हणालं होतं, "बाई, गावाच्या भानगडीत पडू नका." पण त्यांनी पोलिसांना फोन लावला होता, आणि आता त्या मोबाईल उंच धरून पाराकडे चालत येत होत्या. "सगळं दिसतंय यात," त्या म्हणत होत्या. आवाज कापत होता, पण पाय थांबत नव्हते. "सगळ्यांचे चेहरे दिसतायत."

गर्दीचा राग कुठेतरी जायला हवा होता. शिवप्रसाद मागे सरकत म्हणाला, "निदान मशीन तरी बुडवा. तिच्यातच सगळं हाय." काही जणांनी मला फळीवरून उपसलं आणि विहिरीत ढकललं.

पाण्याखाली काळोख होता. गाळात मी एका कुशीवर पडले. वर गाडीचा आवाज आला, ओरडणं झालं, पळापळ झाली. मग शांत झालं. ती शांतताच मला फार छळत होती. चांगुणाबाई जिवंत आहेत का, प्रणिताला धुरी दिली का, काही कळायला मार्ग नव्हता. माझ्या सांध्यांत पाणी शिरत होतं. बॉबिनमध्ये गाळ भरत होता. पायडल नाही, पट्टा नाही, चाक फिरत नाही. कुठं जायचं नव्हतं आणि तरी सारखं वाटत होतं की निघायला हवं.

काही दिवसांनी लोखंडी गळ आला आणि मला वर ओढलं. पोलीस जमादार दयानंद काठावर उभे होते. पंचनामा झाला. माझ्या मानेला दोऱ्यानं एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली. मी आता पुरावा होते. आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आहे, हे मला तेव्हा कळलं. एखाद्या माणसाला भानामती करतो म्हणून बदनाम करणं, छळणं, मारणं हा गुन्हा आहे. शिवप्रसाद पळाला होता, तो सीमेजवळ सापडला. दगडोबांसकट काही जणांना अटक झाली. मग जामीन झाला. खटला सुरू झाला, पण तो बैलगाडीपेक्षाही हळू चालतो.

ठाण्यातल्या मुद्देमालाच्या खोलीत मी फार काळ राहिले. शेजारी मोडकी सायकल, गंजलेला कोयता, कुणाची तरी पितळी घागर. खिडकी नव्हती. मला कुणी पुसलं नाही, तेल दिलं नाही. माझी सोनेरी वेल तिथंच पापुद्रे होऊन गळू लागली. रोज दार वाजलं की वाटायचं, आज नेतील.

शेवटी कोर्टाच्या परवानगीनं चांगुणाबाई मला घ्यायला आल्या. बरोबर रामकिशनभाऊ होते. चांगुणाबाईंनी माझ्या चाकावर बोट ठेवलं. ते फिरलं नाही. त्या म्हणाल्या, "सुजली हाय बिचारी." तेव्हा मी ऐकलं, त्यांचा 'स' आता शिटीसारखा निघतो. पुढचे दोन्ही दात गेले होते.

जीपमध्ये रामकिशनभाऊ हळूच बोलत होते. मला कळलं, की हे बोलणं त्यांच्यात कितीदा तरी झालेलं आहे.

"धर्माबादला खोली बगितली हाय म्या. तिथं कुनी वळखत न्हाई. शांत ऱ्हाशील."

"म्या गेले तर ते म्हनतील, बगा, खरंच भानामती करनारी होती म्हनून पळाली," चांगुणाबाई म्हणाल्या. "माझं घर हाय तिथं. म्या न्हाई जात."

"रात्री झोपत न्हाईस तू."

"तिथं बी न्हाई झोपनार."

रामकिशनभाऊंनी माझ्या अंगावर टॉवेल पांघरला, ऊन लागू नये म्हणून.

मला दुरुस्त केलं. ती करकर तेवढी राहिली. वाड्यातल्या बाया परत येऊ लागल्या. प्रणिताचं लग्न मोडलं, गोष्ट पुण्यापर्यंत गेली होती. कुशावर्ताबाईंनी तिला नांदेडला आपल्या बहिणीकडे ठेवलं. ती नर्सिंगला आहे. गावात येत नाही, पण चांगुणाबाईंना फोन करते आणि बराच वेळ दोघी काहीही बोलतात, बहुतेक वेळा जेवणाबद्दल. दगडोबा वाटेत दिसले की दुसऱ्या गल्लीनं जातात. कुणी माफी मागितली नाही. मागतील असं चांगुणाबाईंना वाटतही नाही.

त्यांना वेगळी काळजी होती. खटल्यात साक्षीला कुणी उभं राहत नव्हतं. सौदामिनी बाईंचा व्हिडिओ होता, पण त्या पोहोचल्या तेव्हा दगड पडून गेला होता. पारावर एवढं गाव जमलेलं होतं आणि पोलिसांनी विचारलं तर प्रत्येकजण म्हणाला, "आमी शेतात होतो, साहेब."

परवा ग्यानोबा आला. हातात मुलीच्या गणवेशाचं कापड. उंबऱ्यात घुटमळला.

"बाई, शाळा सुरू होऊन राहिली. उमरीला न्यायला सवड न्हाई. शिवशाल का?"

"माप?"

त्यानं मुलीचा जुना फ्रॉक पुढे केला. चांगुणाबाईंनी कापड घेतलं, फळीवर पसरलं, खडूनं खुणा केल्या. मग म्हणाल्या, "ग्यानोबा, त्या दिवशी तू कुठं होतास?"

"शेतात," तो म्हणाला. सवयीनं म्हणाला.

"माझ्या म्होरं उभा होतास तू. तुझ्या पायात रबरी चप्पल होती. म्या खालीच बघत होते, तुझेच पाय दिसत होते."

चांगुणाबाईंनी कात्री चालवली.

"तुझी पोर मोठी होईल. हुशार हाय, लई प्रश्न इचारते म्हनतात. अशा पोरीला उद्या कुनी पारावर नेलं, तर समद्यांनी शेतातच असावं का?"

ग्यानोबा निघून गेला. गणवेश शिवून झाला. त्या शिवणीत चांगुणाबाईंनी काही कमी केलं नाही. उलट मूल वाढेल म्हणून घेराला दुमड जास्त ठेवली. दुसऱ्या दिवशी तो मुलीला घेऊन आला. मुलीनं तिथंच फ्रॉक अंगाला लावून पाहिला आणि गल्लीत पळाली. तो मात्र गेला नाही. खूप वेळ उभा राहिला.

"बाई," तो शेवटी म्हणाला, "कोर्टाची तारीख कवा हाय?"

चांगुणाबाईंनी तारीख सांगितली. त्यानं मान हलवली आणि गेला.

ती तारीख अजून यायची आहे. तो त्या दिवशी खरंच उभा राहील, की मालकाचा चेहरा पाहून पुन्हा शेतात असेल, मला ठाऊक नाही. म्हणून मला चैन नाही.

मित्रांनो, आम्ही मशिनी नेहमी मागतो की आम्हाला तेल द्या, धुळीत टाकू नका. मला ते मागायचं नाही. माझं मागणं वेगळं आहे. चांगुणाबाईंना पारावर नेलं ती दुपार फार वाईट होती, पण तिच्या आधीचे दिवस मला जास्त आठवतात. ते दिवस, जेव्हा आमच्या दारात कुणी येत नव्हतं आणि गावात तेच एक नाव कुजबुजत फिरत होतं. तेव्हा एक जरी बाई कापड घेऊन सरळ आत येऊन बसली असती, तर दगड उचलायला कुणाचा हात धजला नसता असं मला वाटतं. तुमच्या गावात, तुमच्या गल्लीत एखाद्या बाईचं नाव असं फिरू लागलं तर वाट पाहू नका. त्याच दिवशी भर उजेडात तिच्या घरी जा. लांबूनच मोठ्यानं हाक मारा, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. काम नसलं तरी जा. थोडा वेळ बसा.